लहान खोलीत लॉफ्ट बेड: नागपूरच्या उन्हाळ्यात जमेल का?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. आमचं घर मानेवाड्याला, खाली दोन आणि वर दोन खोल्या. वरची मागची खोली मुलांची आहे, १० बाय ९ फूट. त्यात डबल बेड, लोखंडी कपाट आणि खिडकीखाली मुलीचं अभ्यासाचं टेबल. खुर्ची मागे ओढली की पलंगाला लागते आणि कपाटाचं एक दार पूर्ण उघडतच नाही.

मुलगी यंदा नववीत गेली, मुलगा चौथीत आहे. दोघांना एका पलंगावर झोपवायचे दिवस आता संपले. डबल बेड काढून मुलीसाठी लॉफ्ट बेड करावा, म्हणजे वर झोपायला, खाली टेबल आणि पुस्तकांचं शेल्फ, आणि मुलाला समोरच्या भिंतीला साधा सिंगल पलंग, असं मनात आहे. इंटरनेटवरचे फोटो बघून मुलगी तर हरखून गेली आहे. पण फोटो सगळे थंड देशांतले. नागपुरात कोणी असा बेड करून वापरला आहे का? काय त्रास होतो, सुताराकडून करावा की वेल्डिंगवाल्याकडून, सगळं सांगा. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे की पोरगी पडेल. सासूबाईंचं म्हणणं आहे की चादर कोण बदलणार.

तर्रीपोहा
ताई, बाकी सारं नंतर. पंखा कुठं आहे ते सांगा पहिले.

मानेवाडा_रोड
खोलीच्या मध्यभागी. नेहमीचा ४८ इंची. छत साडेनऊ फुटांवर आहे.

सुतारपक्षी
तर्रीपोहाभाऊंनी नेमका प्रश्न विचारला. मी हौशी सुतारकाम करतो, असे दोन-तीन बेड नातेवाइकांकडे उभे केले आहेत. आधी हिशेब करू या, फोटो नंतर.

उंची. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. माणूस पलंगावर ताठ बसला की गादीपासून डोक्यापर्यंत साधारण ३६ इंच लागतात. यापेक्षा कमी ठेवलं तर रोज सकाळी उठताना मान वाकवावी लागते, आणि अर्धवट झोपेत ते लक्षात राहत नाही. मी ४० धरतो. गादी ४ इंच, खालची फ्रेम आणि प्लाय मिळून ४ इंच. ११४ मधून ४८ गेले, खाली उरले ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. नववीतल्या मुलीला खाली टेबलावर बसायला भरपूर. उभं राहताना तुम्हा मोठ्यांना मात्र डोकं सांभाळावं लागेल. नवीन फ्लॅटमध्ये छत बहुधा ९ फुटांच्या आसपास असतं, कारण नॅशनल बिल्डिंग कोडने राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर सांगितले आहेत. त्यामानाने तुमची खोली बरी.

आता पंखा. खोलीची ९ फुटांची बाजू धरा. मध्य भिंतीपासून ५४ इंचांवर. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २४ इंच जातं. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३० इंचांवर. बेड ३६ इंच रुंद. लांब भिंतीला लावला तर बेडची कड पात्याच्या खाली ६ इंच शिरते. दुसऱ्या भिंतीला लावला तर टोक आणि कड एका रेषेत. पातं छतापासून फूटभर खाली फिरतं, बसलेल्या मुलीचं डोकंही जवळपास त्याच उंचीला येतं. हात वर करून आळस दिला की संपलं.

त्यामुळे त्या खोलीत हा पंखा ठेवून लॉफ्ट बेड करायचाच नाही. ३६ इंची पंखा लावला तरी फक्त ६ इंच वाढतात, ते पुरेसे नाहीत. छताचा पंखा काढा, जाळीवाले भिंतीवरचे पंखे लावा, एक वर आणि एक मुलाच्या बाजूला. हा खर्च बेडच्या बजेटमध्येच धरा.

संत्राबर्फी
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या ओळखीत एकांनी पंख्याखालीच बंक बेड ठेवलाय, आज फोन करते त्यांना.

महालकर_आजोबा
आम्ही महाल भागात, वाड्यात, सहा भावंडं एका खोलीत वाढलो. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी घडी करून कोपऱ्यात रचायच्या, वर एक चादर. दिवसभर खोली मोकळी. एप्रिल लागला की गच्चीवर पाणी शिंपडायचं आणि तिथंच अंथरूण. जागेचा प्रश्न आला नाही, पलंगाचाही नाही. लोखंडी मचाण बांधून लेकराला छताला चिकटवण्यापेक्षा दोन गाद्या घ्या. कापसाच्या, पिंजून घेतलेल्या.

संत्राबर्फी
आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण असहमत. सहा भावंडांत तुम्हाला स्वतःचा म्हणावा असा कोपरा होता का? नववीतल्या मुलीला वही उघडी टाकून उठता यावं, पडदा ओढून बसता यावं, लहान भावाने आपली पेनं घेऊ नयेत, एवढं तरी हवं की नको? गादीची घडी झाली की तिची जागाही घडी होऊन जाते. लॉफ्ट बेडचा खरा फायदा मला तोच वाटतो. जागा वाचते ती वाचतेच, पण एका खोलीत दोन खोल्या होतात. आणि रोज गाद्या उचलणार कोण, तर घरातली बाई. कापसाची गादी काय वजनाची असते हे उचलणारीलाच ठाऊक.

महालकर_आजोबा
मुद्दा बरोबर आहे बेटा. आमच्या आईने त्या गाद्या वर्षानुवर्षं उचलल्या. तिला कोणी विचारलं नव्हतं. कोपऱ्याचं म्हणाल तर माझ्या धाकट्या बहिणीने कोनाड्याला पडदा लावला होता, आत तिच्या बांगड्या आणि एक वही. आम्ही भाऊ तिथं हात लावायचो नाही. तुमचं वाचून आठवलं. गाद्यांचा आग्रह मागे घेतो.

वरचा_मजला
मी त्रिमूर्तीनगरला राहतो, इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. मुलासाठी लॉफ्ट बेड केला होता, आता उतरवला आहे. बेडचं काम चांगलं होतं, उतरवण्याचं कारण पूर्णपणे स्लॅब.

ज्या स्लॅबवर थेट ऊन पडतं तो दिवसभर तापतो आणि ती उष्णता खाली यायला काही तास लागतात. दुपारी दोनला खोली जितकी भाजते त्याहून छत रात्री आठ-नऊला जास्त गरम लागतं. तेच लेकरांच्या झोपायच्या वेळी. त्यात गरम हवा वर जमते. खाली फरशीवर आणि वर छताजवळ इतका फरक असतो की शिडी चढतानाच चेहऱ्याला जाणवतो. छताला तळहात लावून बघा, मे महिन्यात संध्याकाळी दोन मिनिटं ठेवता येत नाही.

हे नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेलेत. ४५ तर बहुतेक उन्हाळ्यांत येऊन जातात. मानेवाडा_रोड ताई, तुमची खोली वरची आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या खोलीवर अजून मजला आहे की थेट गच्ची?

मानेवाडा_रोड
थेट गच्ची. खोलीत खिडकीचा कूलर आहे, म्हणून मला वाटलं होतं की निभेल.

वरचा_मजला
कूलरची थंड हवा जड असते. खिडकीतून तीन-चार फुटांवर येते आणि खालीच पसरते. वर झोपणाऱ्याला कूलरचा फक्त आवाज येतो. खाली आमच्या लेकीला पहाटे चादर लागायची आणि वर मुलगा घामाने भिजलेला.

खस_वाळा
कूलरची हवा वर न्यायची तर हवा बाहेर जायची वाट वरच्या बाजूला द्या. समोरच्या भिंतीत व्हेंटिलेटर असेल तर तो उघडा ठेवा आणि दार लावा. हवा मग वर चढूनच बाहेर जाते आणि वाटेत बेडवरून जाते. बऱ्याच घरांत व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावून ठेवलेला असतो आणि दार उघडं असतं. तिथं कूलरची हवा हॉलमध्ये निघून जाते. जुलैत दमट झालं की मात्र कूलर बंदच बरा, तेव्हा फक्त पंखाच कामाचा.

आणि कूलरच्या ताट्या वाळ्याच्या घ्या, हनीकोंब (कागदी जाळीच्या) नको.

तर्रीपोहा
हनीकोंबला काय झालं? पाणी कमी लागते, दरवर्षी बदलावं लागत नाही. वाळ्याच्या ताट्या एका सीझनमध्ये चिखल होऊन जातात.

खस_वाळा
पहिल्या दिवशीचा तो वास हनीकोंबमध्ये कुठून आणाल?

तर्रीपोहा
ते तर आहे. वासासाठी माफ.

खामला_कट्टा
वाळ्याच्या वासासाठी मी अजूनही एक बाजू वाळ्याची आणि दोन बाजू हनीकोंबच्या लावतो. बायको म्हणते हा कूलर आहे की समझोता.

संपादक_मंडळ
कूलरसाठी वेगळा धागा आहे. कृपया बेडवर या.

अजनी_क्वार्टर
मी बेडवर येतो. आमचं बालपण रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमध्ये गेलं. छत इतकं उंच की ट्यूबलाइट बदलायला शेजारची मोठी शिडी आणावी लागायची. बाबांनी वर्कशॉपमधल्या मित्राकडून अँगलचा उंच पलंग करून घेतला. खाली ताठ उभं राहून कपडे इस्त्री करता यायचे आणि वर बसूनही डोक्यावर भरपूर जागा. उष्णतेचा त्रास आठवत नाही, कारण भिंती जाड आणि छत खूप वर. कॅरम पण वरच खेळायचो.

सांगायचं हे की लॉफ्ट बेड मुळात उंच छताच्या घराची वस्तू आहे. ज्यांच्याकडे जुनी उंच खोली आहे त्यांनी डोळे मिटून करावा. ९ फुटांच्या फ्लॅटमध्ये तो रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा होतो, एका रात्रीपुरती मजा.

भाड्याचं_घर
वरच्या बर्थवर मी अख्खं कॉलेज काढलं आहे हो. पीजीमध्ये मिळाला होता. झोपायला काही अडचण नाही. अभ्यास, फोनवर बोलणं, कपडे बदलणं, काहीच वर होत नाही. म्हणून वर फक्त झोप आणि बाकी सगळं खाली अशी रचना असेल तरच करा. ताईंच्या मनात तीच दिसतेय, त्यामुळे चांगलं आहे.

एक गोष्ट जरूर करा. वर उशाशी एक छोटा कप्पा, एक दिवा ज्याचं बटण झोपून हाताला येईल, आणि पाण्याच्या बाटलीला खाच. हे नसेल तर माणूस रात्री सारखा खालीवर करतो किंवा मोबाईल गादीखाली ठेवतो. एक्स्टेन्शन बोर्ड वर ओढत नेऊ नका, भिंतीत पक्का पॉइंट काढून घ्या.

रात्रपाळी_सिस्टर
मी मुलांच्या वॉर्डात काम करते. पडण्याबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवायचं नाही. हे कुठल्याही परिस्थितीत. मूल हुशार आहे, चढतं छान, हे कारण चालत नाही, कारण चढणं आणि झोपेत कुशीवर वळणं यांचा संबंध नाही. आणि मोठं भावंड वर झोपत असेल तर लहानगं दिवसा वर चढणारच, म्हणून शिडी काढून ठेवता येईल अशी हवी. ताईंचा मुलगा चौथीत आहे म्हणजे तो प्रश्न नाही, पण घरात पाहुण्यांची बारकी पोरं येतात ना?

कठड्याबद्दल: अमेरिकेत बंक बेडसाठी सरकारी नियम आहे की कठडा गादीच्या वरच्या पातळीपासून किमान ५ इंच उंच हवा आणि मधल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत, म्हणजे मुलाचं शरीर त्यातून सरकणार नाही. लक्ष द्या, गादीच्या वरून मोजायचं. लोक कठडा प्लायवरून मोजून करतात, मग वर आठ इंची जाड गादी टाकतात आणि कठडा गादीत बुडून जातो. ५ हे किमान आहे. मी तर फूटभर सांगेन. भिंतीकडच्या बाजूलाही फट राहत असेल तर तिथेही कठडा हवा, मूल भिंत आणि बेड यांच्यामध्ये अडकतं.

फिट्स येणारं, झोपेत चालणारं मूल असेल तर हा विषयच सोडा. तापात, उलट्या होत असताना, पाय मुरगळला असताना खाली झोपायची सोय घरात असू द्या. मुलींची पाळी सुरू झाली की पहिले एक-दोन दिवस रात्री तीनदा शिडी उतरायला लागते, त्यांना विचारा. वर झोपायचं की नाही हे त्या त्या रात्री तिने ठरवावं, बेड आहे म्हणून वर झोपलंच पाहिजे असं नको.

मानेवाडा_रोड
सिस्टर, शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार. रात्री तिच्याशी बोलले. म्हणाली, आई, मी तसंही त्या दिवसांत तुझ्याजवळ येऊन झोपते.

सकाळची_शिफ्ट
सासूबाईंचा प्रश्न सगळे विसरले, चादर कोण बदलणार! आमच्याकडे बेड आहे, मी सांगते. वर चढून, गुडघ्यांवर बसून, आपण ज्या गादीवर बसलोय तिचीच चादर बदलायची. कोपरे खोचणं महाकठीण. उपाय एकच, इलॅस्टिकवाली चादर आणि हलकी फोमची गादी, जी एका हाताने उचलता येते. वर रजयांचा ढीग ठेवायचा नाही. आणि नियम असा की जो वर झोपतो तोच वरचं आवरतो. आमचा मुलगा सहावीत असल्यापासून स्वतः करतो. वरच्या मजल्याने मुलगा लवकर जबाबदार झाला असं मी म्हणेन.

गादीखाली हवा खेळू द्या. सलग प्लायवर पावसाळ्यात गादीच्या खालच्या बाजूला बुरशी येते. आम्ही प्लायला ओळीने भोकं पाडून घेतली.

सुतारपक्षी
भोकांचं अगदी बरोबर. प्लायऐवजी लाकडी पट्ट्या दोन-दोन इंच अंतराने टाकल्या तर त्याहून उत्तम.

आता लोखंड की लाकूड. लकडगंजात लाकूड चांगलं मिळतं. जुन्या दरवाजाच्या चौकटींचं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, ते मुरलेलं असतं, आता वाकायचं नाही. पण नव्या सागवानाचा सबंध बेड फार महाग पडतो. मी बहुतेकांना लोखंडी चौकट आणि लाकडी पट्ट्या असं सांगतो. दीड इंची चौकोनी पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. वेल्डिंगवाला किलोच्या भावाने काम घेतो. पातळ पाइप वापरला तर वजन आणि पैसे कमी होतात, आणि बेड झुलतो. म्हणून जाडी आधी ठरवा, दुकानात कापलेल्या पाइपची कड स्वतः बघा.

वजन किती पेलावं? आपल्याकडे राहत्या घराच्या मजल्यासाठी भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरायला सांगतं. ६ बाय ३ फुटांच्या बेडला तोच हिशेब लावला तर ३३५ किलोच्या आसपास येतात. मुलगी पन्नास किलोची असेल, पण मैत्रिणी आल्या की चौघी वर बसणार. मी तेवढ्याच ताकदीचा करतो.

खरा शत्रू वजन नाही, हलणं. सरळ चार पाय आणि वर चौकट, एवढंच केलं तर शिडी चढताना बेड डावीकडे-उजवीकडे डोलतो. मागच्या बाजूला आणि एका आखूड बाजूला तिरपी पट्टी द्या, त्रिकोण झाला की डोलणं थांबतं. शिवाय भिंतीला दोन ठिकाणी अँकर फास्टनरने, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, पकडा. फास्टनर बीम किंवा कॉलममध्ये, नाहीतर नऊ इंची भिंतीत. दोन खोल्यांमधल्या साडेचार इंची भिंतीवर भरवसा ठेवू नका. नवीन इमारतीत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत साधा फास्टनर सैल होतो, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मिळतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा असतील तर ड्रिल करताना विटेची कड सोडून मध्ये भोक घ्या.

भाड्याचं_घर
आणि भाड्याने राहणाऱ्यांनी? घरमालक खिळा मारू देत नाही.

सुतारपक्षी
मग चारही पाय जमिनीवर, पायांच्या तळाला जमिनीलगत आडव्या पट्ट्या, तिन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या, आणि खाली पुस्तकांचं जड शेल्फ फ्रेमलाच बोल्टने जोडायचं. वजन खाली आलं की बेड स्थिर होतो. सांधे वेल्ड करू नका, नट-बोल्ट ठेवा, नाहीतर घर बदलताना दारातून निघणार नाही. हे स्वतःच्या घरातल्यांनीही लक्षात घ्या. जिन्यातून फ्रेम वर जाते का हे आधी मोजा.

तर्रीपोहा
हे मात्र शंभर टक्के. आमच्या शेजारी अख्खा वेल्ड केलेला बेड घेऊन आले, जिन्यात वळेना. सारी गल्ली जमली, शेवटी दोरीने गच्चीवरून चढवला आन गॅलरीतून आत घेतला. लेकरं टाळ्या वाजवून राह्यली होती. पुढे घर सोडताना काय करतील देव जाणे.

बेसा_बाय_नाइट
लॉफ्ट बेडशिवाय दुसरा मार्ग कोणी सुचवला नाही. आमच्याकडे सरकता पलंग आहे. साधा सिंगल पलंग, त्याच्या खाली चाकांवर दुसरा, रात्री ओढायचा, सकाळी आत ढकलायचा. दोघंही जमिनीजवळ, म्हणजे कूलर दोघांना, पंखा आहे तिथेच, शिडी नाही, पडणं नाही. वरच्या मजल्यावरच्या तापणाऱ्या खोलीला हा जास्त योग्य.

संत्राबर्फी
पण मग टेबलाची जागा तीच राहिली ना, अडचणीची. आणि रात्री पलंग ओढला की मुलीला अभ्यासासाठी उठूबसू करता येणार नाही, मुलगा लवकर झोपतो, ती उशिरापर्यंत जागते.

बेसा_बाय_नाइट
ते खरं. आमच्याकडे दोघी जुळ्या आहेत, एकाच वेळी झोपतात, म्हणून जमतं.

वरचा_मजला
ज्यांना वरच्या मजल्यावरच करायचा असेल त्यांच्यासाठी: गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या, किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. मार्चच्या मध्यात, उन्हं चढायच्या आधी. खोलीच्या वरच्या भागावर हिरवी जाळी बांधा, पण जाळी आणि गच्ची यांत दोन-तीन फूट अंतर ठेवा म्हणजे मधून हवा जाते. फरक पडतो. बेडही अर्धा फूट खाली घ्या. तरीही एप्रिल ते जून मुलाला खाली झोपवायची तयारी ठेवा. बेडच्या खाली टेबलाशेजारी एक गादी मावेल एवढी मोकळी जागा ठेवली तर तोच बेड नऊ महिने वर आणि तीन महिने खाली वापरता येतो. आमची जागा तेवढी नव्हती, म्हणून उतरवला.

फॉल्स सीलिंगचा सल्ला कोणी देईल. त्याने उष्णता थोडी अडते खरी, पण सहा-आठ इंच उंची जाते आणि लॉफ्ट बेडचा हिशेबच कोलमडतो.

अंबाझरी_वॉकर
मच्छरांचं काय?

सकाळची_शिफ्ट
उलट सोपं. छताला चार हुक, मच्छरदाणी कायमची टांगलेली. खालून खोचायची भानगड नाही. फक्त भिंतीवरच्या पंख्याच्या जाळीत कापड ओढलं जाणार नाही एवढं अंतर ठेवा.

मानेवाडा_रोड
मंडळी, तुमचे सगळे प्रतिसाद काल घरात मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाई सिस्टरचा प्रतिसाद ऐकून म्हणाल्या, ही बाई शहाणी आहे.

मग आम्ही टेप घेऊन घरभर फिरलो. आमची झोपायची खोली खाली आहे, ११ बाय १०. तिच्यावर मजला आहे, त्यामुळे स्लॅबला ऊन लागतच नाही. छत पूर्ण दहा फूट. आतापर्यंत मुलांना वर ठेवलं, कारण वर शांतता. पण त्या शांततेत मेमध्ये दोघं रोज रात्री उशा घेऊन खाली येतातच. तर आम्ही दोघं वर जातोय आणि मुलं खाली. सासूबाईंची खोली शेजारीच आहे, रात्री आवाज दिला की ऐकू येईल.

सुतारपक्षीभाऊ, हिशेब मी केलाय, तपासा. १२० इंचांतून वर ४०, गादी-फ्रेम ८, खाली उरले ७२. म्हणजे मुलगी आरामात उभी राहते. पंखा: ११ फुटांच्या बाजूने मध्य ६६ इंचांवर, पातं २४, टोक ४२ इंचांवर. बेड ३६. मध्ये ६ इंच राहतात. तुम्ही म्हणालात ६ पुरेसे नाहीत, म्हणून छताचा पंखा काढून जाळीचे दोन लावतोय. ह्यांनी कुरकुर केली, मी त्यांना आळस द्यायला सांगितलं आणि हात कुठवर जातो ते दाखवलं. मग काही बोलले नाहीत.

आता फक्त शिडीचं सांगा. सरळ की तिरपी? फोटोत गोल पाइपच्या पायऱ्या असतात.

सुतारपक्षी
हिशेब चोख आहे. खोली बदलायचं मला सुचलं नव्हतं, तुम्ही प्रश्नच वेगळा सोडवलात.

शिडी तिरपी. अगदी सरळ शिडी उतरताना पायरी दिसत नाही. तळ बेडच्या कडेच्या रेषेपासून दीड फूट पुढे येऊ द्या. गोल पाइप नको, अनवाणी तळव्याला टोचतो, आठवडाभरात मुलगी वैतागेल. चार इंच रुंद लाकडी पट्टीच्या पायऱ्या, पुढची कड घासून गोल केलेली, दोन पायऱ्यांत १० ते ११ इंच. शिडीच्या दोन्ही बाजूचे पाइप गादीच्या वर फूटभर जाऊ द्या, उतरताना हातात धरायला. जागा असेल तर शिडीऐवजी कप्प्यांचा जिना होतो, पण तो दोन फूट खातो. तुमच्या ११ बाय १० मध्ये दुसरा पलंगही आहे, शिडीच बरी.

रात्रपाळी_सिस्टर
शिडीच्या खाली फरशीवर पायपुसणं ठेवू नका, सरकतं. आणि जिथे उतरायचं तिथे रात्री मिणमिणता दिवा.

महालकर_आजोबा
पडदा मात्र मुलीच्या पसंतीचा घ्या.

मानेवाडा_रोड
आजोबा, तो आधीच निवडून झालाय, निळ्या रंगाचा. वेल्डिंगवाला रविवारी माप घ्यायला येतोय. सुतारपक्षीभाऊ, तिरपी पट्टी मागच्या बाजूला दिली तर टेबलाच्या वरचं शेल्फ तिला अडेल का? शेल्फ भिंतीला लागून १० इंच खोल हवंय.

सुतारपक्षी
अडेल. मागे एक लांब तिरपी पट्टी देण्याऐवजी चारही कोपऱ्यांत, पाय आणि वरची चौकट यांच्यामध्ये, दीड फुटाच्या लहान तिरप्या पट्ट्या द्या. शेल्फ त्यांच्या मध्ये बसेल. भिंत कोणती आहे, बाहेरची की खोल्यांमधली? ते कळवा, मग फास्टनरचं सांगतो.

मानेवाडा_रोड
बाहेरची, नऊ इंची. कोपऱ्यात कॉलम आहे.

सुतारपक्षी
मग उत्तम. एक फास्टनर कॉलममध्ये, दुसरा भिंतीत, दोन्ही १० मिलिमीटरचे, मध्ये रबराचा वॉशर घाला म्हणजे कुरकुर होणार नाही. महिन्याभराने सगळे नट एकदा पुन्हा आवळा, नंतर दर दिवाळीच्या साफसफाईला. रविवारी मापं झाली की इथे टाका, पाइप कापायच्या आधी मी एकदा बघतो.